किल्ल्यावर बर्फ

दिवाळीच्या सुट्टीत नगरकडची मुले किल्ला ‘करतात’. नगरचा किल्ला निजामशहाने बांधला, इंग्रजांनी तो घेतला. मुलांच्या किल्ल्याला मात्र ‘करणे’ हेच क्रियापद शोभते. विटा-दगडांचा ढीग रचायचा, त्यावर गोणपाट टाकायचे, चिखल थापायचा, गेरूचा हात फिरवायचा, उतारावर अळीव पेरायचे आणि हिरवळ उगवली की मावळे मांडायचे. अलीकडे त्याला एक नवा शेजारी मिळाला आहे. टेबलावर बोटभर उंचीच्या सैनिकांची लढाई खेळणारे हौशी लोक तिच्यासाठी रणभूमी घडवतात, आणि त्यांतले काही जण हौसेने हिवाळी रणभूमी घडवतात: थर्माकोल कापून डोंगर, पांढऱ्या डिंकात खाण्याचा सोडा कालवून त्यावर बर्फ. हे दोन खेळ शेजारी ठेवून त्यांचे शब्द तपासताना एक गोष्ट मला फार खुणावते. किल्ल्याच्या बारीकसारीक अवयवांना मराठीत नावे आहेत, ती बाहेरून आली असली तरी पुरती घरची झाली आहेत. पण त्यावर बर्फ पाडायचा म्हटला की आपण जो शब्द वापरतो तो फारसी, आणि तोही अर्थ थोडा बदलून घेतलेला. आपला स्वतःचा शब्द होता. तो कुठे गेला?

आधी किल्ला. मूळ अरबी ‘कलअ’. त्यात ‘ल’च्या पाठोपाठ ‘ऐन’ हे घशातून उच्चारायचे अक्षर, जे मराठी जिभेला कधीच जमले नाही. ते गळून पडले, पण जाताना आधीच्या ‘ल’ला जोर देऊन गेले असावे, म्हणून ‘किल्ला’. ही कल्पना हवेतली वाटू नये यासाठी दुसरा साक्षीदार आणतो: ‘जिल्हा’. अरबीत ‘दिलअ’ म्हणजे बरगडी, त्यावरून बाजू, आणि पुढे मुलखाची एक बाजू म्हणजे प्रशासनाचा विभाग. इथेही ‘ल’च्या पाठोपाठ ऐन. हिंदीने त्याचे ‘ज़िला’ केले आणि ऐन सोडून दिला. मराठीने त्या जागी ‘ह’ बसवला. एकाच अडचणीवर मराठीने दोन तोडगे काढलेले दिसतात, एकदा द्वित्त आणि एकदा हकार. ‘नफा’, ‘जमा’, ‘तमा’ यांच्या शेवटीही मुळात ऐनच होता. तिथे नुसता ‘आ’ उरला. तेव्हा अहिल्यानगर जिल्ह्यातला किल्ला असे म्हणताना आपण दोनदा एकाच अक्षराला चकवा देतो. ‘अहमदनगर’चे ‘अहिल्यानगर’ 2024 मध्ये झाले, ‘जिल्हा’ तसाच राहिला, आणि बोलण्यात ‘नगर’ही तसेच राहिले आहे.

शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. त्यात कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आणि किल्ल्यांच्या शब्दांसाठी स्वतंत्र दुर्गवर्ग केला. ‘दुर्ग’ शब्द सुंदरच आहे: दुर् आणि गम्, जिथे जाणे अवघड ते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग अशा नावांत तो दिमाखाने टिकला. पण दिवाळीत अंगणात दुर्ग करणारे मूल मी पाहिलेले नाही. मुलांच्या तोंडी ‘किल्ला’ आणि ‘गड’ एवढेच. ‘गड’ हा आपला देशी, त्याची धाकटी बहीण ‘गढी’. नगर जिल्ह्यात जुन्या पाटला-देशमुखांच्या गढ्या अजून ढासळत्या अवस्थेत उभ्या आहेत, बहुतेक मातीच्या.

बुरुजाची कथा याहून लांबची. अरबी ‘बुर्ज’, तो बहुधा ग्रीक ‘पिर्गोस’ किंवा लॅटिन ‘बुर्गुस’ यांच्याकडून आलेला. आणि ज्या जर्मन ‘बुर्ग’शी त्याचे नाते सांगतात, तो हाम्बुर्ग-साल्झबुर्गच्या शेपटीला आहेच. या साऱ्यांच्या मुळाशी ‘उंच’ अशा अर्थाचा एक प्राचीन धातू मानतात आणि आपल्याकडे त्याचा वारस ‘बृहत्’. ग्रीक शब्दाबद्दल पंडितांचे एकमत नाही, म्हणून हे नाते मी पक्के म्हणणार नाही. पण याच घरातला दुसरा एक शब्द पुष्कळ खात्रीचा आहे, तो म्हणजे फारसी ‘बाला’, म्हणजे वरचा. जुन्या इराणीत त्याचे रूप ‘बर्ज’सारखे होते आणि ते ‘बृहत्’चे सख्खे भावंड दिसते. ‘बालेकिल्ला’ म्हणजे वरचा किल्ला. पुष्कळांना त्यात ‘बाळ’ दिसते, किल्ल्याच्या पोटातला छोटा किल्ला म्हणून. चूक असली तरी ती समजण्यासारखी आहे, कारण बालेकिल्ला खरोखरच किल्ल्याच्या आत असतो. आणि हाच ‘बाला’ हरिश्चंद्रगडापासून आग्नेयेकडे निघालेल्या बालाघाटाच्या रांगेत आहे. म्हणजे बाळाचा घाट नव्हे, घाटावरचा मुलूख. पाथर्डीकडचा माणूस बालाघाट म्हणतो तेव्हा अर्धा फारसी आणि अर्धा मराठी शब्द बोलतो, आणि दोन्ही अर्धे मिळून उंचीच सांगतात.

‘बुर्ज’चा ‘बुरूज’ होताना जे झाले ते मराठीच्या कानाचे लाडके काम आहे. शेवटी दोन व्यंजने चिकटून आली की मराठी त्यांच्या मध्ये आधीच्या स्वरासारखा स्वर सारते: हुक्म-हुकूम, जुल्म-जुलूम, मुल्क-मुलूख. ‘कुफ्ल’ला तर आधी उलटे केले आणि मग ऊकार दिला, तेव्हा ‘कुलूप’ झाले. या चालीत ‘बर्फ’चे ‘बरफ’ होणार हे ठरलेलेच होते, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात ते ऐकूही येई. लेखनाने मात्र ‘बर्फ’ला जोडाक्षरात गोठवून ठेवले.

खंदकाकडे वळतो, कारण नगरच्या भुईकोटाचे वैभव त्याच्या रुंद खंदकात आहे. ‘खंदक’ अरबीतून आला; पण अरबांनी तो इराण्यांकडून घेतला, मध्य-फारसी ‘कंदग’ म्हणजे खणलेले. आणि फारसीतला हा ‘कन्’ आपल्या ‘खन्’चा भाऊ. म्हणजे खणणे, खाण, खंदक ही सगळी एकाच कुदळीची लेकरे. ‘खन्’ आपल्या घरी होताच; त्याचा चुलतभाऊ इराण आणि अरबस्तान हिंडून निजामशाहीच्या काळी घरी आला आणि आपण त्याला पाहुणा समजलो. या किल्ल्याची आणखी एक गोष्ट अंगणातल्या किल्लेदारांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे: निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला पहिला कोट मातीचा होता. आज दिसतो तो दगडी तट हुसेन निजामशहाने 1559 पासून पुढे चढवला. नगरचा किल्लाही आधी मातीचाच ‘केला’ होता.

त्याच तटाला 1596 मध्ये मुघलांनी सुरुंग लावला, भिंतीला खिंडार पडले आणि चांदबिबीने रातोरात ते बुजवून घेतले. ‘सुरुंग’ ऐकायला फारसी वाटतो, पण ‘सुरुङ्गा’ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असावा असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. सिरिंक्स म्हणजे आधी बासरी, मग पोकळ नळी, मग भुयार. आणि ‘खिंडार’? ‘खंड’ हा शब्द त्यात लपलेला दिसतो, तोच जो डोंगरातल्या ‘खिंडी’त आहे. डोंगराला निसर्गाने पाडलेली फट ती खिंड, भिंतीला शत्रूने पाडलेले ते खिंडार. अंगणातल्या किल्ल्याला दोन्ही लागतात, आणि मुले सहसा दुसरे आधी तयार करतात, पाय लागून.

आता तोफ. ‘तोप’ तुर्की, आधी गोल वस्तू, चेंडू, मग गोळा, मग गोळा फेकणारे यंत्र. नगर शहरात ‘तोफखाना’ नावाचा मोहल्ला आहे, पण नगरची खरी तोफ नगरात नाही. 1549 मध्ये पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने एक प्रचंड पंचरसी तोफ ओतली. सुमारे 55 टन वजनाची ही तोफ आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. ‘रूमी’ म्हणजे ‘रूम’चा, आणि ‘रूम’ म्हणजे रोम, म्हणजे खरे तर पूर्व रोमन साम्राज्याच्या जागी आलेला उस्मानी तुर्कांचा मुलूख. साम्राज्य मोडले तरी पत्ता बदलला नव्हता. तोफेचे नाव ‘मलिक-ए-मैदान’, मैदानाचा धनी. मराठीने त्याचे केले ‘मुलूखमैदान’.

हा बदल मला सगळ्यांत आवडतो. ‘मलिक’ आणि ‘मुल्क’ या दोन्ही शब्दांचे मूळ अरबीत एकच, म-ल-क, सत्ता असणे. ज्याची सत्ता तो मलिक, जिच्यावर सत्ता ती भूमी मुल्क. मराठी कानाला मधला फारसी ‘ए’ नको होता, ‘मलिक’ अनोळखी होता, ‘मुलूख’ रोजचा होता. झाले, धनी गेला आणि त्याच्या जागी जमीन आली. मैदानाचा राजा असलेली तोफ मुलूख आणि मैदान अशी भूगोलाची जोडगोळी होऊन बसली. अर्थ पार बदलला, तरी शब्द मुळाच्या कुंपणाबाहेर गेला नाही. लोकव्युत्पत्ती इतकी नेमकी क्वचितच पडते. पुढे ‘मुलूखमैदान तोफ’ हे गर्जना करणाऱ्या वक्त्याचे विशेषण झाले, आणि सभेत ते कानी पडते तेव्हा नगरच्या ओतशाळेची आठवण कोणालाही होत नाही.

पण रणभूमी घडवणाऱ्या हौशी माणसाला ‘मुलूख’ आणि ‘मैदान’ हे दोन्ही शब्द पुरतात. लढाईयोग्य जमिनीला मराठीत ‘मुलूख’ म्हणून पाहा. ‘भूप्रदेश’ नकाशात शोभतो. ‘अवघड मुलूख’ म्हटले की घोड्याचे पाय अडखळताना दिसतात. आणि खुद्द ‘रण’? ऋग्वेदात ‘रण’चा एक अर्थ आनंद, रमणे असा आहे, लढाई हा अर्थ त्याच्या शेजारी उगवलेला दिसतो, वीरांना जिथे आनंद होतो ते. कच्छच्या रणाचे कूळ वेगळे, बहुधा ‘इरिण’, म्हणजे खारट उजाड जमीन. आणि आपले ‘रान’ अरण्यातून आले. तीन वाटांनी आलेले शब्द एकाच नादावर येऊन थांबले आहेत. टेबलावरच्या युद्धखेळाला ‘रणक्रीडा’ म्हणावे असे कोणी सुचवले, तर वैदिक कानाला त्यात पुनरुक्ती वाटेल.

खेळातल्या युद्धासाठी मराठीकडे स्वतःचा शब्द आहे: लुटुपुटीची लढाई. त्यातला पहिला अंश ‘लुटणे’चा, संस्कृत ‘लुण्ट्’चा असावा, दुसरा नुसता नादाचा, जसा चटपटीत किंवा लटपटीतला. लूट आहे पण खोटी, एवढे त्या नादाने सांगितले. ‘बुद्धिबळ’ मात्र गंभीर शब्द. त्यातल्या ‘बळ’चा अर्थ आपण ताकद असा लावतो, पण संस्कृतात ‘बल’ म्हणजे सैन्यही; चतुरंग बल म्हणजे चार अंगांचे सैन्य, आणि ‘चतुरंग’ हेच या खेळाचे जुने नाव, जे इराणात ‘चत्रंग’ आणि अरबीत ‘शतरंज’ झाले. तेव्हा बुद्धिबळ म्हणजे बुद्धीचे सैन्य असा अर्थ लावायला मला मोह होतो. त्यातले ‘प्यादे’ फारसी, पण ते आपल्या ‘पदाति’चे आणि ‘पाइका’चे भाऊबंद, पाय सगळ्यांत एकच. नवा युद्धखेळ याच पटातून निघाला. प्रशियाच्या राजाला 1812 मध्ये राइसव्हिट्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धखेळाचे टेबल नजर केले. तोवर तो वाळूत डोंगर-नद्या करत असे. राजासाठी त्याने प्लास्टरचे चौकोनी तुकडे बनवले, हवे तसे जुळवून हवा तो मुलूख मांडता यावा म्हणून. टेबलावरच्या रणभूमीचा हा पूर्वज. आपल्या सैन्यात वाळूवर मुलूख उठवून लढाईची आखणी समजावण्याची पद्धत अजून आहे, आणि चिलखती दलाचे केंद्र नगरला असल्याने या शहराला ती परकी नाही.

अंगणातल्या किल्ल्याची जमीनही शब्दांनी भरलेली आहे. ‘गेरू’ म्हणजे ‘गैरिक’, गिरीतला, डोंगरातला. मातीच्या डोंगराला डोंगराचाच रंग. अळिवाचे हिंदीत ‘हालिम’, आपल्याकडे जुने रूप ‘हळीव’ किंवा ‘अहळीव’. ‘म’चा ‘व’ ही मराठीची ओळखीची चाल: ग्राम-गाव, नाम-नाव, आमलक-आवळा. या चालीची पुढे गरज पडणार आहे, म्हणून ती बाजूला ठेवतो. ‘रांगोळी’ म्हणजे रंगावली, पण तिचा मूळ रंग पांढरा, शिरगोळ्याच्या भुकटीचा. घरात सोडा नसेल तर किल्ल्यावर बर्फ पाडायला हीच भुकटी उत्तम.

पांढऱ्या जमिनीसाठी तर नगरकडे खास शब्द आहे. शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या जागेची माती राख, चुना, शेण आणि पडलेल्या भिंतींनी पांढुरकी होते, म्हणून हे नाव पडले असावे. ढासळलेल्या गढीची पांढरी माती आणून धाब्याच्या घरांवर घालत, ती पाणी धरत नाही म्हणून. आपल्या मुलखात जमीन पांढरी होते ती माणसाच्या वस्तीने. आकाशातून काही पडून नव्हे. बर्फाच्या शब्दाचे पुढे जे झाले त्याचे कारण इथेच आहे.

किल्ल्यावर पाण्याचे टाके लागते. हरिश्चंद्रगडावर, रतनगडावर कातळात कोरलेली टाकी आहेत. ‘टाके’ म्हणजे ‘टाकी’ने कोरलेले, ‘टङ्क’ म्हणजे छिन्नी. पाथरवटाची टाकी अजून तीच आहे. काही जण ‘तडाग’शीही नाते जोडतात, पण कोरीव टाके एकदा पाहिले की मला छिन्नीच पटते. हा शब्द गुजराती-मराठीतून इंग्रजांनी उचलला, पोर्तुगीजांच्या ‘तांक’नेही त्यात भर घातली असावी, आणि इंग्रजीत तो पाणी साठवायच्या टाकीसाठी रुळला. 1915 च्या अखेरीस इंग्रजांनी एक नवे लोखंडी युद्धयंत्र गुप्तपणे बनवले, आणि गुपित फुटू नये म्हणून त्याला पाण्याच्या टाकीचे नाव दिले: टँक. सप्टेंबर 1916 मध्ये सोमच्या रणभूमीवर ते प्रथम उतरले, गुपित संपले, नाव राहिले. मराठीने त्याला ‘रणगाडा’ हा देखणा शब्द दिला. म्हणजे सह्याद्रीच्या कातळातले टाके विलायतेला गेले, लोखंडाचे झाले, आणि नगरला परतले. 1994 पासून नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे देशोदेशीचे रणगाडे उन्हात ओळीने उभे आहेत. त्या प्रत्येकाच्या विलायती नावात आपली एक छिन्नी आहे.

आणि रणगाडे एकदा बर्फातही लढले. काश्मीरच्या युद्धात 1 नोव्हेंबर 1948 रोजी जनरल थिमय्यांच्या योजनेप्रमाणे सातव्या कॅव्हलरीचे हलके स्टुअर्ट रणगाडे झोजिलाच्या सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या खिंडीत चढवले गेले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील अशी कल्पना समोरच्यांना नव्हती, आणि खिंड मोकळी झाली. हिवाळी रणभूमी टेबलावर मांडू पाहणाऱ्या नगरकराला याहून चांगला विषय नाही. ‘झोजिला खिंड’ म्हणताना आपण खिंड दोनदा म्हणतो, कारण ‘ला’ म्हणजेच तिबेटी भाषेत खिंड. काश्मिरीत हिमाला ‘शीन’ म्हणतात. संस्कृत ‘शीन’ म्हणजे गोठलेले, तोच तो असावा. हिवाळ्याला तिथे ‘वंद’, आणि तो तर ‘हेमंत’चाच झिजलेला अवशेष दिसतो. ज्यांच्या दारात हिम पडते त्यांनी हिमाचे शब्द जपले.

आपण काय केले? ‘हिम’ हा शब्द फार प्राचीन कुळाचा. लॅटिन ‘हिएम्स’ म्हणजे हिवाळा, ग्रीक ‘खिओन’ म्हणजे हिम, रशियन ‘झिमा’, फारसी ‘जमिस्तान’, आणि हित्तींच्या मातीच्या विटांवर हिवाळ्यासाठी सापडलेला ‘गिम्मंत’, जो ‘हेमंत’च्या शेजारी ठेवला तर जुळा वाटतो. या कुळातला ‘हिम’ मराठीत आला आणि नियमाप्रमाणे ‘म’चा ‘व’ झाला: हिंव. पण दक्खनच्या पठारावर पांढरे काही पडत नव्हते. वस्तू नाही, तिचा परिणाम मात्र आहे, म्हणून शब्द आकाशातून अंगात उतरला. ‘हिंव भरले’ म्हणजे हुडहुडी भरली. ‘हिवताप’ म्हणजे थंडी वाजून येणारा ताप. ज्या शब्दाने हिमालयाला नाव दिले त्याने मराठीत मलेरियाला नाव दिले.

ऋतूच्या नावात मात्र तो मानाने राहिला. ‘हिमकाल’चा ‘हिवाळा’. गुजरातीत ‘शियाळो’, राजस्थानीत ‘सियाळो’, दोन्ही ‘शीतकाल’चे; शेजाऱ्यांनी शीत घेतले, आपण हिम घेतले. म्हणजे ज्या प्रदेशात हिम पडत नाही त्याने ऋतूचे नाव हिमावरून ठेवले. ही सवय उत्तरेतून येताना सोबत आली असावी, आणि मग ज्याचे कारण उरले नाही असे नाव टिकून राहिले. नगरला हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, अकोले तालुक्यातल्या डोंगरांत त्याहूनही झोंबतो, तेव्हा नाव अगदीच निराधार आहे असे नाही.

‘हिंव’ शोधताना नगरच्या नकाशावर फसायला होते. हिवरे बाजार, संगमनेरकडचे हिवरगाव पावसा. दुसऱ्या नावात तर हिवाळा आणि पावसाळा शेजारी बसल्याचा भास होतो. पण ही गावे थंडीची नव्हेत, हिवराच्या झाडाची असावीत, त्या काटेरी बाभूळवर्गीय झाडाची. आता झाडाचेच नाव हिमावरून आले का? हिवराची साल पांढुरकी असते. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याला ‘ल्यूकोफ्लोइया’ म्हणजे ‘पांढऱ्या सालीचा’ असे ग्रीक विशेषण दिले. जुन्या मराठी माणसाला त्या सालीवर हिम दिसले असेल असे म्हणण्याचा मोह जबर आहे. पुरावा नाही, म्हणून मी मोहापाशीच थांबतो.

‘हिंव’ अंगात गेला तेव्हा बाहेरची जागा रिकामी झाली, आणि तिथे फारसी ‘बर्फ’ आला. अवेस्तात ‘वफ्र’, मध्य-फारसीत तसाच, आणि मग ‘र’ आणि ‘फ’ यांनी जागा बदलल्या. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे भुरभुरीत हिम. गोठलेल्या पाण्याला ‘यख’. हिंदुस्थानात ‘यख’ रुजला नाही. अकबराच्या दरबारात डोंगरांतून बर्फ आणवत असत याची नोंद ‘आइन-ए-अकबरी’त आहे, पण खाली येईपर्यंत ते पांढरे भुरभुरीतपण कितीसे उरणार? 1833 मध्ये बॉस्टनच्या ट्यूडर या व्यापाऱ्याने तलावावरचे गोठलेले पाणी जहाजाने कलकत्त्याला आणले, पुढे मुंबईतही बर्फघर झाले, मग कारखान्यांच्या लाद्या आल्या. जे हाताला लागले ते ‘बर्फ’. म्हणून मराठीत लादीही बर्फ, गोळाही बर्फ, आणि झोजिलावर पडते तेही बर्फ. भुरभुरीत वेगळे सांगायचे तर वर्तमानपत्राला ‘हिमवृष्टी’ म्हणावे लागते, नाही तर अर्धी फारसी ‘बर्फवृष्टी’. मूळ पांढरेपण जपले ते एकट्या ‘बर्फी’ने.

टेबलावर बर्फ पाडणाऱ्याला ही अडचण रोज भेटते. गोठलेल्या ओढ्यासाठी तो पारदर्शक राळ ओततो आणि उतारावर सोडा भुरभुरतो. दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळे हात, नाव एकच. ‘हिम’ आणि ‘बर्फ’ असे वाटून घ्यावे, भुरभुरीत ते हिम, टणक ते बर्फ, असे माझे मत आहे. गणपतीच्या देखाव्यातल्या कैलासाला आणि अमरनाथाला आपण इतकी वर्षे कापूस पिंजून हिम केले. 2018 च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोल गेला तेव्हा कापूस परत आला, आणि तो जुनाच बरा होता: ‘कार्पास’ हा शब्द तर भारतातून निघून ग्रीकांपर्यंत पोचलेला.

एका घरच्या शब्दाने मात्र मैदान सोडले नाही: गार. विशेषण म्हणून थंड, नाम म्हणून आकाशातून पडणारी, आणि तिसरी गार जमिनीतली, पांढरी कठीण चकमकीची. तिचीच लहान ती ‘गारगोटी’. क्रम कसा लावावा? मला वाटते दगड आधी. पांढरा टणक खडा आकाशातून पडला म्हणून त्याला दगडाचे नाव मिळाले, आणि त्याच्या स्पर्शावरून पाणीही गार झाले. उलटा क्रम मांडणारे असतील. पण थंडपणावरून चकमकीला नाव पडावे हे मला पटत नाही, तिच्यातून तर ठिणगी निघते. ‘गारपीट’मधला ‘पीट’ पिटण्याचा दिसतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिने उभे गहू-हरभरे आणि द्राक्षबागा पिटून काढल्या. शेतात पांढरा थर साचला होता, आणि त्याला कोणी हिम म्हटले नाही, बर्फही नाही. लोक गाराच म्हणाले.

राहता राहिला ‘दहिवर’. पहाटे गवतावर जमणारे दंव, कडाक्याच्या थंडीत पांढुरके होणारे. कोणी त्यात ‘दही’ पाहतात, पांढरेपणामुळे. मला त्याच्या पोटात ‘हिंव’ दिसतो, द-हिंव-र असा, पण पुढचा ‘द’ कुठून आला ते सांगता येत नाही, आणि ‘दंव’ला त्याचा सगा मानावे की शेजारी हेही ठरत नाही. कळसूबाईच्या पायथ्याशी पौषात गवत पांढरे होते तेव्हा त्याला काय म्हणतात, ‘हिंव पडले’ असे कोणी म्हणते का, हे तिकडच्या वाचकांनी कान देऊन पाहावे. तसे म्हणत असतील तर आपल्या शब्दाला अंगाबाहेर निदान एक तरी जागा उरली आहे, आणि दहिवराचा मधला तुकडाही मग सुटण्यासारखा आहे.